फुप्फुसाचा आजार, स्टेरॉइड आणि वडिलांची साखर

वाचकाचे पत्र

माझे वडील ६७ वर्षांचे आहेत. त्यांना पंधराएक वर्षांपासून मधुमेह आणि तरुणपणापासून दमा आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि अलीकडे सुरू झालेली डापाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर त्यांची उपाशीपोटीची साखर १२०च्या आसपास राहत असे. ताप, खोकला आणि धाप लागल्यामुळे त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तपासणीत एच१एन१ इन्फ्लुएन्झा आणि त्यातून झालेला न्यूमोनिया निघाला. दाखल केले तेव्हा साखर २१० होती, तरीही "रक्तात आम्ल वाढले आहे" असे सांगून त्यांना अतिदक्षता विभागात हलवले आणि सर्व गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केले. दम्यासाठी स्टेरॉइड चालू झाल्यापासून साखर सकाळी १४० आणि संध्याकाळी ३५० अशी असते. एकदा पहाटे ती ६२पर्यंत उतरली आणि ते घामाने भिजून गेले. डॉक्टर म्हणतात, १८०पर्यंत चालेल. माझे काका म्हणतात, स्टेरॉइड बंद करायला सांग. आता ते वॉर्डात आले आहेत आणि लवकरच घरी सोडतील. हे इन्सुलिन कायमचे मागे लागले का? घरी काय सांभाळायचे? आईलाही मधुमेह आहे, तिची काय काळजी घ्यावी?
— एक मुलगी, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार.

वडील अतिदक्षता विभागातून बाहेर आले, हे वाचून बरे वाटले. औषधाची मात्रा त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. जे घडले ते का घडले आणि घरी गेल्यावर नेमके कोठे लक्ष ठेवायचे, हे मात्र मी सविस्तर सांगू शकतो. त्यातही घरी गेल्यानंतरचे पहिले दोन आठवडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण रुग्णालयात दर काही तासांनी साखर पाहणारे कोणीतरी असते आणि घरी ती जबाबदारी अचानक तुमच्यावर येते.

आधी त्या आम्लाविषयी, कारण पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. शरीराला इन्सुलिन पुरेसे मिळाले नाही की पेशींना साखर वापरता येत नाही, चरबी वितळू लागते आणि त्यातून कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये रक्तात साठतात. एरवी अशा वेळी साखर ३००-४००च्या पुढे गेलेली असते, त्यामुळे धोका लगेच लक्षात येतो. डापाग्लिफ्लोझिन आणि तिच्या गटातील एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या मात्र मूत्रपिंडावाटे साखर बाहेर टाकतात. म्हणून तापाने फणफणलेल्या आणि दोन दिवस धड न जेवलेल्या माणसाच्या रक्तात कीटोन वाढत असताना ग्लुकोमीटर २००च्या आसपासचा, सहज दुर्लक्ष व्हावे असा आकडा दाखवू शकतो. त्यातच न्यूमोनिया असेल तर फसगत आणखी वाढते. आम्ल वाढले की श्वास खोल आणि जलद होतो, आणि घरच्यांना वाटते की ही धाप फुप्फुसाची आहे. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन बरा दिसत असूनही रुग्ण भात्यासारखा श्वास घेत असेल, उलट्या होत असतील, पोट दुखत असेल किंवा तो गुंगीत असेल, तर साखरेचा आकडा काहीही असला तरी कीटोनची तपासणी व्हायला हवी. रक्तातील कीटोन ०.६ मिलिमोलच्या आत असणे सर्वसाधारण मानले जाते आणि ३च्या वर गेले की ती तातडीची अवस्था असते. लघवीच्या पट्टीवर फार विसंबू नये, कारण या अवस्थेत सर्वाधिक वाढणारा कीटोन त्या पट्टीला दिसतच नाही. तुमच्या डॉक्टरांनी २१० साखर असतानाही आम्ल शोधले, ही त्यांची दक्षता मला मोलाची वाटते.

त्या वेळी त्यांना इन्सुलिनबरोबर सलाईनमधून ग्लुकोजही दिले गेले असेल आणि ते पाहून तुम्ही चक्रावला असाल. त्यामागे कारण आहे. कीटोन थांबवायचे तर इन्सुलिन द्यावेच लागते, आणि साखर मुळातच फार वाढलेली नसताना नुसते इन्सुलिन दिले तर ती घसरेल, म्हणून सोबत ग्लुकोज द्यावे लागते. त्याच वेळी पोटॅशियमवरही लक्ष ठेवावे लागते. इन्सुलिनमुळे पोटॅशियम रक्तातून पेशींमध्ये शिरते आणि ते फार उतरले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एरवी या अवस्थेत भरपूर सलाईन देतात, परंतु न्यूमोनियाने आधीच ओथंबलेल्या फुप्फुसांना जास्तीचे पाणी सोसत नाही, त्यामुळे डॉक्टरांना तेही मोजूनमापून द्यावे लागते. अशा रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवण्याचा आग्रह डॉक्टर धरतात तो यासाठीच.

बाकीच्या दोन गोळ्या बंद करण्यामागची कारणे वेगवेगळी आहेत. ऑक्सिजन कमी पडत असताना किंवा मूत्रपिंडावर ताण असताना मेटफॉर्मिन चालू ठेवली तर लॅक्टिक आम्ल साठण्याची भीती असते. ग्लिमेपिराइड माणूस जेवला आहे की नाही हे न पाहता इन्सुलिन स्रवायला लावते, त्यामुळे उपाशी रुग्णाची साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. गंभीर आजारात इन्सुलिन हेच सर्वांत भरवशाचे औषध ठरते, कारण त्याची मात्रा तासातासाला बदलता येते.

आता काकांच्या म्हणण्याकडे वळू. त्यांची काळजी अनाठायी नाही. स्टेरॉइडमुळे साखर वाढते, हे खरेच आहे. केवळ इन्फ्लुएन्झाचा न्यूमोनिया आहे म्हणून सरसकट स्टेरॉइड देऊ नये, असेच आजचे वैद्यकशास्त्र सांगते. कोविडची गोष्ट वेगळी होती. २०२० साली ब्रिटनमध्ये झालेल्या 'रिकव्हरी' चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने ऑक्सिजनवरील आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काहीही फायदा झाला नाही. त्या दुसऱ्या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करून आपल्याकडे साध्या तापातही स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या गेल्या, याचे मला आजही फार वाईट वाटते. तुमच्या वडिलांना मात्र स्टेरॉइड दम्यासाठी दिले आहे, आणि दमा उसळला असताना ते देणे हा प्रस्थापित उपचार आहे. ते मध्येच थांबवले तर श्वासनलिका पुन्हा आवळतील, त्यातून धाप वाढेल आणि साखरही सुधारणार नाही. म्हणून ते बंद करायला सांगण्याऐवजी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: हे किती दिवस द्यायचे आहे, आणि बंद करताना मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची आहे की एकदम थांबवायची आहे? पुढचे सारे नियोजन या उत्तरांवर अवलंबून आहे.

शिवाय वाढलेल्या साखरेचा सगळा दोष स्टेरॉइडवर टाकता येत नाही. गंभीर संसर्गात शरीर कॉर्टिसोल, ॲड्रेनालिन, ग्लुकागॉन अशी संप्रेरके मोठ्या प्रमाणात सोडते. त्यांच्या प्रभावाखाली यकृत साखर तयार करत राहते आणि इन्सुलिनचा परिणामही कमी होतो. म्हणूनच घास न खाल्लेल्या रुग्णाचीही साखर चढते. 'काय खायला दिले?' असा प्रश्न भेटायला येणारे विचारतात आणि घरातल्या बाईला उगाच अपराधी वाटू लागते. तसे वाटून घेण्याचे कारण नाही.

सकाळी १४० आणि संध्याकाळी ३५० हा चढउतार मात्र बहुतांशी स्टेरॉइडचाच आहे. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा जोर दुपारच्या जेवणापासून रात्रीपर्यंत राहतो आणि मध्यरात्रीनंतर ओसरतो. त्यामुळे संध्याकाळचा आकडा पाहून रात्रीचे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन वाढवले, तर ते नेमके स्टेरॉइडचा जोर संपल्यावर, पहाटेच्या वेळी साखर खाली ओढते. तुमच्या वडिलांची साखर पहाटे ६२ झाली ती याच कारणाने, असे कागदपत्रे न पाहता मी म्हणणार नाही, कारण त्या रात्री ते कमी जेवले असतील हेही शक्य आहे. तरी डॉक्टरांशी याविषयी अवश्य बोला. अनेकदा मध्यम काळ काम करणारे इन्सुलिन सकाळी स्टेरॉइडच्या गोळीबरोबरच दिले जाते, म्हणजे दोन्हींचा जोर साधारण एकाच वेळी चढतो आणि एकाच वेळी उतरतो.

१८०च्या मर्यादेबद्दलही मनात किंतू ठेवू नका. अतिदक्षता विभागात साखर अगदी निरोगी माणसाइतकी ठेवली तर रुग्ण लवकर बरे होतील, असे एके काळी वाटत होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'नाइस-शुगर' या चाचणीत सहा हजारांहून अधिक रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात साखर ८१ ते १०८च्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न झाला आणि दुसऱ्यात ती १८०पर्यंत चालवून घेतली. कडक नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात २४.९ टक्के. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाणही कडक गटात कितीतरी जास्त होते. तेव्हापासून दाखल रुग्णांची साखर साधारण १४० ते १८० ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ढिलाईतून आलेला नाही. संध्याकाळचे ३५० मात्र खाली यायलाच हवे, कारण तेवढ्या साखरेत लघवीवाटे पाणी निघून जाते, अंग शुष्क पडते आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची ताकदही घटते.

आता घरी गेल्यावर काय करायचे ते पाहू. संसर्ग ओसरत जातो, स्टेरॉइड कमी होते आणि त्याबरोबर इन्सुलिनची गरजही झपाट्याने घटते. रुग्णालयातून सोडताना लिहिलेली मात्रा त्या दिवशी बरोबर असते, पण आठवडाभरात तीच जास्त ठरू शकते. कागदावर लिहिले आहे म्हणून घरचे लोक प्रामाणिकपणे तेवढेच टोचत राहतात आणि एका पहाटे रुग्ण बेशुद्ध सापडतो. म्हणून घरी सोडण्याआधी डॉक्टरांकडून एक तक्ता लिहून घ्या. स्टेरॉइडच्या प्रत्येक टप्प्यापुढे त्या टप्प्यावरची इन्सुलिनची मात्रा, साखर किती असेल तर इंजेक्शन कमी करायचे किंवा टाळायचे, आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे त्यात असू द्या. मात्रा ठरवताना फोनवर बोलायला लागले तरी संकोच करू नका. सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी, तसेच झोपताना साखर तपासून वहीत नोंदवा. मात्रा बदलली असेल त्या रात्री पहाटे तीनच्या सुमारासही एकदा पाहा.

इन्सुलिन सिरिंजने देणार असाल तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटच्या असतात, आणि १०० युनिटच्याही मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४०च्या बाटलीसाठी आणि केशरी टोपणाची सिरिंज १००च्या बाटलीसाठी असते. १००च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट चूक झाली तर २०च्या जागी केवळ ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही, याचे कोडे पडते. औषधाच्या दुकानात घाईगर्दीत ही गल्लत सहज होते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचा, आणि वॉर्डातल्या परिचारिकेसमोर एकदा तरी स्वतःच्या हाताने औषध भरून दाखवा. इंजेक्शन द्यायचे ते ताट समोर आल्यावरच, कारण तोंडाला चव नसलेला माणूस दोन घासांत ताट बाजूला सारतो.

घाम, थरथर, धडधड, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर लगेच साखर तपासा. ती ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि गरज वाटल्यास पुन्हा द्या. दूध-बिस्किटे किंवा पोळी त्यानंतर. वडील शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. त्यांना कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

गोळ्या परत सुरू करण्याची घाई नको. मूत्रपिंडाचे काम ठीक असल्याचे रक्त तपासणीत दिसले आणि जेवण नीट सुरू झाले की मेटफॉर्मिन बहुधा परत येईल. डापाग्लिफ्लोझिनबद्दल माझे मत स्पष्ट आहे. एकदा रक्तात आम्ल वाढलेले असताना ही गोळी पुन्हा सुरू करू नये. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी तिची खास गरज असेल, तर तो निर्णय तज्ज्ञाने सर्व बाजू पाहून घ्यावा. घरात उरलेल्या तिच्या पट्ट्या आजच बाजूला काढा, नाहीतर जुन्या सवयीने त्या सकाळच्या डबीत पुन्हा जातील.

इन्सुलिन कायमचे का, याचे उत्तर दाखल करतानाच्या एचबीए१सी चाचणीत शोधावे लागेल. ही चाचणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तुम्ही लिहिता तशी साखर आधी आटोक्यात असेल आणि हा आकडाही तसेच सांगत असेल, तर स्टेरॉइड संपल्यावर काही आठवड्यांत इन्सुलिन सुटण्याची चांगली आशा आहे. आकडा मुळातच बराच वाढलेला असेल तर इन्सुलिन पुढेही लागू शकते, आणि तसे झाले तरी त्याला शिक्षा समजू नये.

आणखी एका आजाराची नावानिशी आठवण करून देतो, कारण महाराष्ट्राने २०२१ मध्ये त्याचे भयंकर रूप पाहिले आहे. म्युकरमायकोसिस ही बुरशी वाढलेली साखर, रक्तातले आम्ल आणि स्टेरॉइड हे तिन्ही एकत्र आले की फोफावते, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत हे तिन्ही घडले आहे. घाबरून जाण्याइतकी ती सर्रास होत नाही, परंतु पुढचे काही आठवडे चेहऱ्याची एक बाजू दुखणे किंवा सुजणे, नाकातून काळसर अथवा रक्तमिश्रित स्राव येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, वरचे दात अचानक हलू लागणे किंवा टाळूवर काळा डाग दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. या आजारात एका दिवसाचा उशीरही डोळ्यावर बेतू शकतो. तसेच ताप उतरून पुन्हा चढला किंवा थुंकीतून रक्त आले, तर तो जुनाच खोकला समजून अंगावर काढू नका. दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहिल्याने टाचांवर जखमा होतात आणि संवेदना कमी झालेल्या पायांना त्या कळत नाहीत, म्हणून रोज आंघोळीनंतर तळवे आणि टाचा नीट न्याहाळा.

आता आईविषयी. सर्वप्रथम त्यांच्या गोळ्यांची नावे वाचा. ज्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, ती गोळी ताप, उलट्या किंवा जेवण तुटलेले असताना थांबवावी लागते. मेटफॉर्मिनचा आणि साखर उतरवणाऱ्या इतर गोळ्यांचाही त्या दिवसांत फेरविचार करावा लागतो. हे त्या आजारी पडण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या डबीवर चिकटवून ठेवा. त्या इन्सुलिन घेत असतील तर ते मात्र स्वतःच्या मनाने कधीही पूर्ण बंद करायचे नाही. वडिलांच्या सहवासात राहून त्यांनाही ताप आणि खोकला सुरू झाला, तर अहवालाची वाट पाहत घरी बसू नका. ओसेल्टामिविर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते, आणि मधुमेह असलेल्यांना ते लवकर द्यावे असेच मार्गदर्शन आहे. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याची मात्रा कमी करावी लागते, म्हणून क्रिएटिनिनचा जुना अहवाल सोबत न्या.

इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो आणि लसीचा असरही ओसरतो. आपल्याकडे पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या शेवटी हा आजार डोके वर काढतो, त्यामुळे पावसाळा सुरू होण्यापूर्वी ती घेतलेली बरी. आईने सध्या ताप नसल्यास आताच घ्यावी. वडिलांनी पूर्ण बरे झाल्यावर आणि स्टेरॉइड संपल्यावर डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि त्याच भेटीत दोघांच्याही न्यूमोकोकल लसीबद्दल विचारावे.